ऐकू सगळं येतं, पण बोललेलं पोहोचत नाही!

फोन सुरू आहे, घंटी वाजते, समोरच्याचं बोलणंही स्वच्छ ऐकू येतं; फक्त आपला आवाज पलीकडे जात नाही. स्मार्टफोनचा माईक असा अचानक मुका झाला, तर दुकान गाठण्याआधी घरच्या घरी काय तपासावं आणि कशाला मुळीच हात लावू नये?

रविवारची संध्याकाळ. बडोद्याला नोकरीनिमित्त स्थायिक झालेल्या मुलीनं नेहमीच्या वेळी चिपळूणला आईला फोन लावला. दोनदा घंटी वाजली, फोन उचलला गेला आणि पलीकडे नुसती शांतता. "आई? अगं आई, बोल ना!" काही नाही. फोन ठेवून पुन्हा लावला, पुन्हा तेच. आई एकटी राहणारी, वय सत्तरीच्या पुढचं, मागच्याच महिन्यात रक्तदाबाच्या गोळ्या बदललेल्या. तिसऱ्या फोनलाही उत्तर आलं नाही, तेव्हा मुलीच्या मनात नको नको ते विचार यायला लागले. तिनं शेजारच्या काकूंना फोन केला. काकू हातातलं काम टाकून धावत गेल्या, तर आई झोपाळ्यावर बसून फोनकडे रागानं बघत होती. "मघापासून घसा कोरडा करतेय मी, आणि ही आपली 'बोल ना, बोल ना' म्हणून फोन आपटतेय! मला तर चांगली ऐकू येते ती."

दोघींचंही खरं होतं. आईला मुलीचा शब्दन्‌शब्द ऐकू येत होता, मुलीला आईचा एकही नाही. आईच्या फोनचा माईक बंद पडला होता आणि ते आईला कळायला काही मार्गच नव्हता.

मोबाईलच्या दुखण्यांमध्ये हे दुखणं जरा चमत्कारिकच म्हणायला हवं. पडदा फुटला तर दिसतो. बॅटरी थकली तर कळते. स्पीकर बिघडला तर गाणं फाटकं वाजतं. माईक गेला की मात्र ज्याचा फोन बिघडला आहे, त्याला सगळं ठाकठीक वाटत राहतं. दोष दिसतो तो समोरच्याला. मग एकीकडून "तुझ्याकडे रेंज नाही वाटतं" आणि दुसरीकडून "तूच उचलून बोलत नाहीस" असं सुरू होतं. या एका कारणावरून घराघरांत किती रुसवेफुगवे झाले असतील, कोण जाणे!

जुन्या, वायरच्या फोनमध्ये असं सहसा होत नसे. आपण बोललेलं थोडंसं आपल्याच कानातही ऐकू यावं, अशी त्याची रचना असायची. माईक बिघडला की रिसीव्हर 'मेल्यासारखा' वाटायचा आणि बोलणाऱ्याला लगेच शंका यायची. मोबाईलमध्ये हा स्वतःच्या आवाजाचा पडसाद फारच मंद असतो, त्यामुळे इशारा देणारं कोणी उरलेलं नाही.

एरवी हा प्रश्न गैरसोयीचा म्हणून सोडून देता आला असता. पण आता फोनवर नुसत्या गप्पा होत नाहीत. २०२०च्या टाळेबंदीत मुलांचे वर्ग फोनवर भरले, तेव्हा "सर, माझा आवाज येतोय का?" हे वाक्य प्रत्येक घरानं ऐकलं. सरकारच्या 'ई-संजीवनी' सेवेतून गावात बसून डॉक्टरांचा सल्ला घेता येतो. त्या वेळी रुग्णाचं म्हणणंच डॉक्टरांपर्यंत गेलं नाही तर सल्ला तरी काय मिळणार? आणि रात्री-अपरात्री ११२ हा आणीबाणीचा क्रमांक फिरवल्यावर आपलं बोलणं पलीकडे पोहोचलं नाही तर? एकट्या राहणाऱ्या माणसाच्या हातात ऐकू येणारा पण बोलू न शकणारा फोन असणं ही साधी गोष्ट नाही.

दिलाशाची बाब अशी, की माईक मुका झाला म्हणजे तो मेलाच, असं नव्हे. पुष्कळदा माईक चांगला असतो. त्याच्याकडे जाणारी वाट तरी बुजलेली असते किंवा फोनलाच त्याचं ऐकायची मनाई केलेली असते. कोणती भानगड आहे ते शोधायला कसलंही हत्यार लागत नाही. अर्धा तास आणि घरातला दुसरा फोन एवढं पुरतं.

टिचकी मारण्याची सवय

आवाज जात नसला की फोन तळहातावर आपटायचा किंवा त्याला टिचक्या मारायच्या, ही सवय अजूनही पुष्कळांना आहे. ती आली कुठून? तिला एके काळी चांगला आधार होता. जुन्या काळ्या फोनच्या रिसीव्हरमध्ये, बोलायच्या बाजूला, कोळशाचे बारीक कण भरलेली एक डबी असे. आवाजानं पातळ पडदा हलायचा, कण कमी-जास्त दाबले जायचे आणि त्यातून जाणारी वीजही कमी-जास्त व्हायची. दमट हवेत किंवा फार दिवसांनी हे कण एकमेकांना चिकटून बसत. अशा वेळी रिसीव्हर आपटला की ते सुटे होत आणि फोन पुन्हा बोलू लागे. थोडक्यात, आपटणं हा तेव्हा खराखुरा उपाय होता!

पुढे १९६२ साली अमेरिकेतल्या बेल प्रयोगशाळेत गेरहार्ड सेसलर आणि जेम्स वेस्ट या दोघांनी पातळ प्लॅस्टिकच्या पडद्याचा 'इलेक्ट्रेट' माईक तयार केला. तो लहान होता, स्वस्तही पडे, त्यामुळे टेपरेकॉर्डरपासून फोनपर्यंत सगळीकडे पोहोचला. ३१ जुलै १९९५ रोजी पश्चिम बंगालचे तेव्हाचे मुख्यमंत्री ज्योती बसू यांनी कोलकात्याहून दिल्लीला केंद्रीय दूरसंचारमंत्री सुखराम यांच्याशी बोलून भारतात मोबाईलचा श्रीगणेशा केला. त्या काळातल्या हँडसेटमध्ये असेच चिमुकले इलेक्ट्रेट माईक बसवलेले असत.

आजच्या स्मार्टफोनमधला माईक त्याहूनही लहान आहे. संगणकाच्या चिपप्रमाणे तो सिलिकॉनवर कोरून काढतात. लांबी-रुंदी जेमतेम तीन-चार मिलिमीटर, म्हणजे तुरीच्या डाळीएवढी. त्याच्या आत एक पडदा असतो, जाडीला एका मायक्रॉनच्या आसपास. माणसाचा केस त्याच्या कित्येक पट जाड भरेल. आवाजाच्या लाटेनं हा पडदा थरथरतो, मागच्या पट्टीपासूनचं त्याचं अंतर बदलतं आणि त्यातून विजेचा संदेश तयार होतो. इथे कोळशाचे कण नाहीत, सुटं करण्यासारखं काहीच नाही. तेव्हा आपटून आता फायदा शून्य. उलट एखादा टाका निखळायचा.

एक नव्हे, दोन-तीन कान

बहुतेकांना वाटतं, फोनला माईक एकच, तो खाली, चार्जिंगच्या भोकाशेजारी. प्रत्यक्षात सध्याच्या बऱ्याच स्मार्टफोनमध्ये दोन किंवा तीन माईक असतात. खालचा मुख्य, कानाशी धरून बोलायचा. दुसरा वरच्या कडेला किंवा कानाच्या जाळीजवळ. काही फोनमध्ये तिसरा मागे, कॅमेऱ्याच्या शेजारी. नीट पाहिलं तर टाचणीच्या टोकाएवढं भोक तिथे दिसतं.

जास्तीचे माईक कशाला? वरचा माईक आसपासचा गोंगाट ऐकतो. रिक्षाचा आवाज, मिक्सरची घरघर, शेजारचा टीव्ही हे सगळं तो टिपतो आणि फोनमधली यंत्रणा ते खालच्या माईकच्या आवाजातून वजा करते. म्हणूनच बाजारात उभं राहून बोललं तरी समोरच्याला आपला आवाज बऱ्यापैकी स्वच्छ जातो. पण या वरच्या माईकमध्येच बिघाड झाला, की वजाबाकी चुकते. गोंगाटाबरोबर आपला आवाजही कापला जातो आणि "तू विहिरीतून बोलतोयस का?" अशी तक्रार येते. तेव्हा आवाज अजिबात जात नाही, की जातो पण लांबून, तुटक जातो, हे समोरच्याला नीट विचारून घ्यावं. दोन्ही दुखणी वेगळी.

आता कोणता कान बंद आहे ते कसं शोधायचं? फोनमधला साधा रेकॉर्डर उघडून, फोन नेहमीसारखा धरून चार वाक्यं बोलावीत आणि ऐकावीत. यात मुख्यतः खालच्या माईकची परीक्षा होते. मग पुढच्या कॅमेऱ्यानं, म्हणजे सेल्फी काढतो त्या बाजूनं, छोटासा व्हिडिओ घेऊन बोलावं. आयफोनमध्ये आणि इतरही अनेक फोनमध्ये यासाठी वरचा माईक वापरला जातो. नंतर मागच्या कॅमेऱ्यानं आणखी एक व्हिडिओ. तिन्ही ऐकून पाहिले की चित्र स्पष्ट होऊ लागतं. रेकॉर्डरमध्ये शांतता आणि व्हिडिओत आवाज, तर दोष खालच्या माईकचा किंवा त्याच्या वाटेचा. तिन्हीकडे आवाज ठणठणीत आणि तरी फोनवर समोरच्याला ऐकू जात नाही, तर माईकला उगाच दोष देऊ नये. भानगड नेटवर्कची, सिमकार्डाची किंवा एखाद्या सेटिंगची असावी. तिन्हीकडे शांतता असेल तर मात्र दोनच शक्यता: सगळ्या माईकना एकदम बंदी झाली आहे किंवा आतल्या मुख्य सर्किटलाच काही झालं आहे.

आणखी एक सोपी चाचणी. घरातल्याच दुसऱ्या फोनवर कॉल लावावा, बोलता बोलता स्पीकर सुरू करावा. अनेक फोनमध्ये स्पीकर लावला की वरच्या माईकचा आधार घेतला जातो. कानाशी धरून आवाज जात नाही, पण स्पीकरवर जातो, असं झालं तर खालच्या माईकवरचा संशय पक्का. आणि या चाचणीचा दुसरा फायदा म्हणजे तात्पुरती सोयही झाली! दुरुस्ती होईपर्यंत स्पीकरवर बोलावं किंवा वायरचा इयरफोन लावावा. त्याच्या वायरीवर स्वतःचा माईक असतो, फोनचा बिघडला तरी तो काम देतो. एकट्या राहणाऱ्या वडीलधाऱ्यांच्या फोनशेजारी असा एक इयरफोन ठेवलेला बरा. फोनमध्ये '११२ इंडिया' हे ॲप घालून ठेवलं, तर न बोलताही मदतीची हाक आणि आपला ठावठिकाणा पाठवता येतो.

कणीक, गुलाल आणि नवं कव्हर

चिपळूणच्या आईच्या फोनचं पुढे काय झालं? शेजारच्या काकूंच्या कॉलेजात जाणाऱ्या मुलानं तो उलटसुलट करून पाहिला. खालच्या कडेला चार्जिंगच्या भोकाशेजारी जे बारीक छिद्र असतं, ते दिसतच नव्हतं. त्यावर पांढरट खपली बसली होती. आई दर संध्याकाळी पोळ्यांची कणीक मळायला बसते आणि मुलीचा फोन त्याच सुमाराला येतो. हात पुसून घ्यायला वेळ कुणाला? रोज थोडी थोडी ओली कणीक त्या छिद्रात जाऊन वाळत गेली आणि एके दिवशी वाट पूर्ण बुजली. जुना, मऊ, कोरडा टूथब्रश त्यावर हलक्या हातानं पाचसात वेळा फिरवला. खपली सुटली. आवाज सुरू!

प्रत्येकाच्या नशिबी इतका सोपा निकाल नसतो, पण वाट बुजणं हे अगदी नेहमीचं कारण आहे. खिशातले धागे, पर्समधली पावडर, गणपतीतला गुलाल, रंगपंचमीचा रंग, गिरणीत काम करणाऱ्याच्या फोनला पीठ, सुताराच्या फोनला भुसा. धंदा तसा मळ!

सफाईची रीत साधी आहे. फोन बंद करावा. छिद्र जमिनीकडे राहील असा धरावा, म्हणजे सुटलेला मळ आत न जाता खाली पडेल. मऊ आणि पूर्ण कोरड्या ब्रशानं वरवर झटकावं. ब्रश ओला नको, त्यावर कसलंही द्रावण नको. पातळ पदार्थ मळ विरघळवून आणखी आत नेतो.

ब्रश हातात घेण्याआधी एक काम करावं, ते म्हणजे कव्हर काढावं. ऐकायला हास्यास्पद वाटेल, पण रस्त्यावर घेतलेल्या स्वस्त कव्हरचं भोक फोनच्या छिद्रासमोर अचूक येतंच असं नाही. एकाच कंपनीच्या दोन जवळजवळ सारख्या फोनमध्ये माईकची जागा थोडी इकडेतिकडे असते आणि दुकानदार "होईल, होईल, बसतंय" म्हणत दुसऱ्याच मॉडेलचं कव्हर चढवतो. पडद्यावर लावायची काचही कधी वरच्या छिद्रावर येते. नवीन कव्हर किंवा नवीन काच लावल्यावर तक्रार सुरू झाली असेल, तर पुढचं काही शोधायची गरजच नाही.

टाचणी मात्र नको!

छिद्र बुजलंय म्हटल्यावर घरातल्या कुणाला तरी हटकून टाचणी आठवते. इथेच चांगला माईक कायमचा जातो. त्या छिद्राच्या मागे एक बारीक जाळी असते, पाणी अडवणाऱ्या फोनमध्ये तिच्याबरोबर एक नाजूक पापुद्राही असतो आणि त्यापलीकडे तो मायक्रॉनभर जाडीचा पडदा. टाचणीच्या टोकापुढे यातलं काहीही टिकायचं नाही. फोनबरोबर सिमकार्डाचा कप्पा उघडायला मिळते ती पिन तर आणखी फसवी. कप्प्याचं भोक आणि माईकचं छिद्र पुष्कळ फोनमध्ये जवळपास सारखंच दिसतं. कप्पा उघडत नाही म्हणून जोर लावला जातो आणि नंतर कळतं, की पिन माईकमध्ये होती. ज्या भोकाभोवती कप्प्याची आयताकृती फट दिसते, तेच सिमचं; एकटं, सुटं छिद्र असेल तर ते माईकचं समजावं.

हवेचा पंप, हवेचे डबे किंवा घरातला व्हॅक्यूम क्लीनर यांचाही मोह टाळावा. जोराच्या झोतानं किंवा ओढीनं पडदा फाटू शकतो. दुकानातले काही कारागीर सर्रास झोत मारतात आणि गिऱ्हाईक कौतुकानं बघत राहतं!

परवानगी कोणी काढून घेतली?

सगळं स्वच्छ आहे, रेकॉर्डरमध्ये आवाज उमटतो, साधा कॉलही नीट लागतो, पण व्हॉट्सॲपवर मात्र आवाज जात नाही. किंवा नेमकं मुलाच्या शाळेच्या ॲपमध्ये जात नाही. असं असेल तर माईक निर्दोष आहे. त्या ॲपला माईक वापरायची परवानगी नाही.

२०१५ साली आलेल्या अँड्रॉइडच्या सहाव्या आवृत्तीपासून प्रत्येक ॲपला माईकसाठी वेगळी परवानगी विचारावी लागते. ती पाटी समोर आली की घाईत आपण काय दाबतो, हे आठवूनही सांगता येत नाही. शिवाय २०२० पासून अँड्रॉइड आणखी एक गोष्ट करू लागला: काही महिने न वापरलेल्या ॲपच्या परवानग्या तो आपणहून काढून घेतो. हेतू चांगला, कुणी चोरून ऐकू नये हा. पण सुट्टीनंतर उघडलेलं शिकवणीचं ॲप एकाएकी मुकं का झालं, याचा उलगडा मुलाला होत नाही. सेटिंग्जमध्ये ॲप्सच्या यादीत ते ॲप शोधून, परवानग्यांमध्ये मायक्रोफोन चालू केला की काम होतं. आयफोनमध्ये हीच गोष्ट सेटिंग्जमधल्या 'प्रायव्हसी'खाली मायक्रोफोनच्या यादीत सापडते.

याहून मोठी बंदीही असते. अँड्रॉइडच्या बाराव्या आवृत्तीपासून, म्हणजे २०२१ नंतर, पडद्याच्या वरून खाली ओढायच्या पट्टीत माईक पूर्ण बंद करायचं बटण ठेवता येतं. ते एकदा दाबलं गेलं की ॲप्सना माईकमधून निव्वळ शांतता मिळते. नातवंडांच्या हातात फोन गेल्यावर हे बटण दाबलं जाणं मुळीच अवघड नाही. तिन्ही माईक एकदम मुके झाले, तर पहिल्यांदा इथे बघावं.

ब्लूटूथचीही एक गंमत सांगायला हवी, कारण तिची लक्षणं निराळी आहेत. फोन कानाशी धरला आहे, पण आपलं बोलणं पलीकडे जात नाही आणि पलीकडचंही आपल्याला ऐकू येत नाही, असं असेल तर आवाज बहुधा दुसरीकडेच वळला आहे. आतल्या खोलीत उघडे राहिलेले मुलाचे इयरबड, अंगणात उभी असलेली गाडी किंवा कपाटावरचा छोटा स्पीकर, यांपैकी कुणीतरी तो पकडून बसलेला असतो. ब्लूटूथ बंद केलं की फोन शहाण्यासारखा वागू लागतो. इयरफोनच्या भोकात कचरा अडकला तरी हाच घोटाळा होतो; इयरफोन काढलेला असतानाही वरच्या पट्टीत त्याचं चित्र दिसत राहतं.

यापैकी काहीच नसेल तर फोन एकदा पूर्ण बंद करून सुरू करावा. हा उपाय सांगणाऱ्यांची सगळेच थट्टा करतात, पण माईक अडवून बसलेलं एखादं ॲप त्यानं सुटतं, हेही तितकंच खरं. तरीही फरक पडला नाही, तर अँड्रॉइड फोन 'सेफ मोड'मध्ये सुरू करून बघता येतो. अनेक फोनमध्ये पॉवरचं बटण दाबल्यावर येणारी 'बंद करा' ही खूण दाबून धरली की हा पर्याय पुढे येतो. त्यात आपण बाहेरून घेतलेली ॲप्स चालत नाहीत. तिथे माईक चालला तर गुन्हेगार एखादं नवं ॲप आहे. आवाज बदलणारं, कॉल रेकॉर्ड करणारं किंवा फुकटात फोन 'साफ' करून देणारं. अलीकडे घेतलेली अशी ॲप्स एकेक करून काढावीत.

सगळा फोन पुसून कोरा करण्याचा सल्ला मात्र लगेच ऐकू नये. सेफ मोडमध्येही माईक मुका राहिला असेल, तर कोरं केल्यानं तो बोलू लागण्याची आशा थोडीच असते, आणि फोटो तेवढे जातात.

पावसात भिजला तर

आपल्याकडे जून ते सप्टेंबर हा माईकच्या दृष्टीनं वाईट काळ. लोकलच्या दारात उभं राहणारे, दुचाकीवरून डिलिव्हरी देणारे, शेतात फोन घेऊन जाणारे, कुणाचाच फोन पूर्ण कोरडा राहत नाही. फोनवर 'आयपी ६७' किंवा 'आयपी ६८' लिहिलेलं असलं तरी ती चाचणी नव्या फोनची, गोड्या पाण्यातली. वर्षा-दोन वर्षांनी, एकदा पडून उघडल्यावर तीच हमी राहत नाही. खारं पाणी, साबणाचं पाणी यांची गोष्ट आणखी वेगळी.

छिद्रातल्या जाळीवर पाण्याचा थेंब बसला, तर आवाज घोंगडीखालून आल्यासारखा येतो. अशा वेळी काही न करणं हाच मोठा उपाय आहे. फोन बंद करून, कोरड्या कापडानं पुसून, छिद्रं खाली येतील असा हलकेच तळहातावर थोपटावा आणि वारं लागेल अशा जागी उभा ठेवावा. पूर्ण सुकायला एक दिवससुद्धा लागतो. तोवर चार्जरही लावू नये. केस वाळवायच्या यंत्राची गरम हवा नको, उन्हात तापत ठेवणंही नको.

आणि तांदळाचा डबा? भिजलेला फोन तांदळात पुरण्याचा उपाय इतका प्रसिद्ध झाला, की अॅपल कंपनीला २०२४ मध्ये आपल्या सूचनांत स्पष्ट लिहावं लागलं, की फोन तांदळात ठेवू नका, तांदळाचे बारीक कण आत जाऊन नुकसान करू शकतात. आपल्या स्वयंपाकघरातल्या तांदळाची पावडर हाताला किती लागते, हे गृहिणींना सांगायला नको.

कारागिराकडे जाताना

इतकं करूनही आवाज येत नसेल, तर मात्र माईक खरंच गेला आहे. तरीसुद्धा नवीन फोन घ्यायची घाई नको. पुष्कळ अँड्रॉइड फोनमध्ये खालचा माईक मुख्य सर्किटवर नसतो. चार्जिंगचा जॅक आणि माईक एका छोट्या वेगळ्या पट्टीवर असतात. बाजारात तिला 'सब-बोर्ड' किंवा 'चार्जिंग बोर्ड' म्हणतात. ही पट्टीच्या पट्टी बदलता येते आणि मुख्य सर्किटला हात लावावा लागत नाही. ओळखायचं कसं? माईक जाण्याच्या सुमाराला चार्जिंगही हळू होऊ लागलं असेल, पिन हलवल्याशिवाय लागत नसेल, तर या पट्टीवर संशय घ्यायला जागा आहे. याउलट माईक मुख्य सर्किटवरच डाग दिलेला असेल, तर तो गरम हवेनं उचलून नवा बसवावा लागतो. ते कसबी हाताचं काम. आकडाही मोठा होतो.

फोन हमीच्या मुदतीत असेल तर प्रथम कंपनीच्या सेवाकेंद्रातच जावं. बाहेर उघडलेला फोन पाहिला की हमी नाकारायला त्यांना आयतं निमित्त मिळतं. केंद्र सरकारनं डिसेंबर २०२२ मध्ये 'राइट टू रिपेअर' नावाचं संकेतस्थळ सुरू केलं असून, दुरुस्ती आणि सुट्या भागांची माहिती ग्राहकाला मिळावी, हा त्यामागचा उद्देश आहे. सेवेबद्दल तक्रार असेल तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा १९१५ हा क्रमांक आहे. अर्थात, तो दुसऱ्याच्या फोनवरून लावावा लागेल!

हमी संपलेली असेल तर मुंबईत लॅमिंग्टन रोड, पुण्यात तपकीर गल्ली, दिल्लीत करोल बागेतलं गफ्फार मार्केट अशा ठिकाणी एकाहून एक निष्णात माणसं बसलेली आहेत. गावच्या नाक्यावरचा कारागीरही कमी नसतो. फक्त दोन-तीन गोष्टी ठरवून जावं. आपण घरी काय काय तपासलं आणि कोणत्या चाचणीत आवाज आला नाही, हे त्याला सांगावं; मग 'बोर्ड गेलाय' असं मोघम ऐकून घ्यावं लागत नाही. खर्च आधी विचारावा. बदललेली जुनी पट्टी परत मागावी.

आणि पासवर्ड? माईक दुरुस्त करायला फोनमधले फोटो, बँकेची ॲप्स उघडी करून देण्याची गरज नाही. फोटो, नंबर यांची प्रत आधी काढून ठेवावी, सिमकार्ड आणि मेमरी कार्ड काढून घ्यावं. सॅमसंगच्या बऱ्याच फोनमध्ये २०२२ पासून 'मेंटेनन्स मोड' आहे. तो लावला की फोन तपासता येतो, पण आपली खासगी माहिती झाकलेली राहते. गूगलच्या पिक्सेल फोनमध्येही अशीच सोय २०२३ च्या अखेरीस आली. आपल्या फोनमध्ये ती नसेल तर दुरुस्ती होईपर्यंत समोर बसून राहावं. पट्टी बदलण्याचं काम काही दिवसभराचं नसतं. चहा होईस्तोवर होतं.

काम झालं की पैसे देण्याआधी त्याच तीन चाचण्या तिथेच, काउंटरवर उभं राहून पुन्हा कराव्यात: रेकॉर्डर, पुढचा व्हिडिओ, मागचा व्हिडिओ. फोन उघडताना वरच्या माईकवरचं रबर सरकलं असेल तर ते याच वेळी कळतं. त्यानंतर सिम घालून घरी एक फोन लावावा. दुकानाबाहेर वाहनांचा कलकलाट असतो, तोही बराच. स्पीकर न लावता, फोन नेहमीसारखा कानाशी धरून बोलावं आणि पलीकडून "येतोय, येतोय, ओरडू नकोस" असं ऐकू आलं की पाकीट काढावं.